गोड्या पाण्यातल्या माशाचा हिशेब : सीमाभागातील नद्या, तलाव आणि पाणथळींची न मांडलेली कमाई

निपाणी-चिकोडी भागात पैशाची गोष्ट निघाली की ऊस आणि तंबाखू येतो. बेळगावकडे भात, बटाटा, भाजीपाला येतो. दूध तर दोन्हीकडे आहेच. या प्रत्येकाचा दर रोज कळतो, त्यावर आंदोलने होतात, निवडणुकाही लढवल्या जातात. याच पाण्यावर तयार होणारे आणखी एक उत्पादन मात्र क्वचितच चर्चेत येते. ते म्हणजे नदीतला, तलावातला आणि भाताच्या खाचरातला मासा.

मासा विकला गेला तर त्याची थोडीफार नोंद होते. पण गोड्या पाण्यातल्या माशाची किंमत नुसत्या विक्रीवरून काढली तर हिशेब अपुरा राहतो. त्यासाठी तीन रकाने लागतात : विकलेला मासा, घरी खाल्लेला मासा आणि पाण्यात राहिलेला मासा. पहिला रकाना अर्धवट भरला जातो, दुसरा कोरा राहतो आणि तिसरा आखलाच जात नाही. म्हणूनच नदीत मासे मेल्याची बातमी येते तेव्हा नुकसान नेमके किती आणि कुणाचे झाले, हे सांगता येत नाही.

पाणथळ कशाला म्हणायचे?

पाणथळ म्हटले की दलदल किंवा पक्षी अभयारण्य डोळ्यांसमोर येते. आंतरराष्ट्रीय व्याख्या त्यापेक्षा बरीच मोठी आहे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर शहरात झालेल्या करारानुसार नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, कायमचे किंवा हंगामी, वाहते किंवा साचलेले पाणी असलेली जागा म्हणजे पाणथळ. या व्याख्येत नदी बसते, गावतळे बसते, धरणाचा फुगवटा बसतो आणि पावसाळ्यात पाणी भरून राहणारी भाताची खाचरेही बसतात. भारत या करारात १९८२ साली सामील झाला.

देशातला नियम मात्र वेगळा आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांत नदीपात्रे आणि भातशेती वगळलेली आहे. पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती यांसाठी माणसाने बांधलेले जलसाठेही वगळलेले आहेत. आता सीमाभागाकडे बघा. हिडकल हे सिंचनासाठी बांधलेले धरण. निपाणीचा जवाहर तलाव पिण्याच्या पाण्याचा. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्या. येळ्ळूर-शहापूर भागातली खाचरे म्हणजे भातशेती. म्हणजे जिथे मासा वाढतो ते जवळजवळ सगळे पाणी या नियमांच्या बाहेर पडते. बेळगाव किंवा कोल्हापूर जिल्ह्यातले एकही ठिकाण रामसर यादीत नाही.

याचा अर्थ या पाण्याला कुणी वाली नाही असा नव्हे. पाटबंधारे खाते, मत्स्य खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नगरपालिका, ग्रामपंचायत असे अनेक वाली आहेत. पाणी सोडणारा एक, ठेका देणारा दुसरा आणि सांडपाणी तपासणारा तिसरा. माशासाठी मात्र हे सगळे एकच पाणी असते.

सीमाभागाच्या पाण्याचा नकाशा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि नकाशावर रेघ आली. नद्यांना ती रेघ माहीत नाही. या भागातल्या बहुतेक नद्या महाराष्ट्रात सह्याद्रीत उगम पावतात आणि कर्नाटकात येऊन मिळतात.

वेदगंगा भुदरगड तालुक्यातून मुरगूडमार्गे निपाणी तालुक्यात येते. दूधगंगा काळम्मावाडी धरणातून कागलकडून येते. दोघींचा संगम भोज गावाजवळ होतो आणि पुढे ते पाणी चिकोडी तालुक्यात कृष्णेला मिळते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते आणि तीच कृष्णा मग कर्नाटकात शिरते. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत हुक्केरी भागात घटप्रभेला मिळते. चंदगडची ताम्रपर्णीही घटप्रभेतच येते. बेळगाव शहराजवळची मार्कंडेय नदी राकसकोप जलाशय भरते आणि पुढे गोकाक भागात घटप्रभेला मिळते.

या नद्यांवर माशाच्या दृष्टीने चार प्रकारचे पाणी आहे.

पहिले म्हणजे मोठे जलाशय. घटप्रभेवरचे हिडकल धरण सुमारे ५१ टीएमसीचे. त्याचे पाणी हजारो हेक्टरांवर पसरते.

दुसरे म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की त्यांना बरगे घालतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढतात. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कुन्नूर-भोजवाडी ही नावे दर जुलैत बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातमीत वाचायला मिळतात. दत्तवाड-मलिकवाड बंधाऱ्याचे तर एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरे कर्नाटकात आहे. उरलेले आठ महिने हेच बंधारे म्हणजे माशांचे लांबट तळे असते.

तिसरे म्हणजे गावतळी आणि पाझर तलाव.

चौथे म्हणजे पूरपट्टा आणि खाचरे. बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला की शिवारात पाणी शिरते आणि भाताचे नुकसान होते. ते नुकसान खरेच आहे. पण पाण्याने भरलेली खाचरे आणि ओढे ही अनेक देशी माशांची अंडी घालण्याची आणि पिल्ले वाढवण्याची जागा असते, हेही तितकेच खरे आहे.

मासे कोणते?

बाजारात जास्त दिसतात ते रोहू, कटला आणि मृगळ. हे तिन्ही मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. आपल्या जलाशयांत ते बाहेरून आणून सोडले गेले. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे तर परदेशातून आले. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता बहुतेक तलावांत ती आपोआप वाढते.

कृष्णा खोऱ्याचे स्वतःचे मासे वेगळे आहेत : मरळ, वाम, शिवडा, शिंगटी, घोगरा, कोळस, मळ्या, खडस म्हणजेच महसीर. यांतल्या काहींची मराठी नावे थेट शास्त्रात गेली आहेत. मुंबई सरकारने आकडेवारी गोळा करण्यासाठी नेमलेला कर्नल साईक्स हा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर फिरला. १८३९ साली त्याने इथल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि नावे देताना स्थानिक मच्छीमारांचेच शब्द उचलले. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही मळ्याला ‘गारा मुल्या’, शिंगटीला ‘मिस्टस सींगटी’, घोगऱ्याला ‘रिटा गोग्रा’ म्हणतात. दुसऱ्या माशांचे खवले खाणारा ‘खवलचोर’ हाही कृष्णा खोऱ्यातलाच. त्याचे शास्त्रीय वर्णन १९५२ साली झाले आणि त्याचे मराठी नाव तसेच ठेवले गेले.

शोध अजून संपलेले नाहीत. हिरण्यकेशीच्या उगमाशी आंबोलीत २०२० साली एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली गेली. तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. उगमापाशी वारसा ठरलेली ही नदी साखरपट्ट्यातून संकेश्वरला येईपर्यंत कशी होते, ते नदीकाठच्या लोकांना सांगायला नको.

पहिला रकाना : विकलेला मासा

तलावातल्या माशाचा धंदा ठेक्यावर चालतो. साधारणपणे लहान गावतळी ग्रामपंचायतीकडे असतात, मोठे तलाव व जलाशय मत्स्य खात्याकडे. मच्छीमार सहकारी संस्था किंवा ठेकेदार ठरावीक वर्षांसाठी ठेका घेतो. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाही. त्यामुळे दरवर्षी बीज विकत आणून सोडावे लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. त्याआधी ते नदीतून गोळा करावे लागत होते.

बीजाचे तीन टप्पे असतात. अंड्यातून नुकतेच निघालेले ते मत्स्यजिरे, थोडे वाढले की मत्स्यबीज आणि बोटाएवढे झाले की बोटुकली. तलावात बोटुकलीच सोडावी, असा शास्त्रज्ञांचा आग्रह असतो. स्वस्त पडते म्हणून लहान बीज सोडले तर मरळ, शिवडा यांसारखे मांसाहारी मासे ते फस्त करतात आणि पैसे पाण्यात जातात.

इथून पुढे पैसा अनेक हातांतून फिरतो : बीज केंद्र, बीजाची वाहतूक, जाळी आणि तंगूस विकणारा, होडी किंवा थर्माकोलचा तराफा करणारा, रात्री जाळे टाकणारा, बर्फवाला, टेम्पोवाला, घाऊक व्यापारी आणि शेवटी बुट्टी घेऊन रस्त्याकडेला बसणारी बाई. भोई, अंबी, कोळी या समाजांतली कितीतरी घरे या साखळीवर जगतात. ज्याला जमीन नाही त्यालाही या धंद्यात शिरता येते, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. शेतीसाठी सातबारा किंवा उतारा लागतो, नदीत जाळे टाकायला अंगमेहनत आणि ठेकेदाराची परवानगी.

बेळगावात समुद्रातली मासळी गोवा, मालवण, वेंगुर्ले, कारवारकडून येते. गोड्या पाण्यातला बर्फातला रोहू-कटला आंध्रातूनही येतो. तरी ‘नदीचा मासा’ म्हटले की गिऱ्हाईक थांबते. ताजा असतो आणि चव ओळखीची असते. मरळ आणि वाम यांना तर रोहूपेक्षा चढा भाव मिळतो.

देशाच्या पातळीवर बघितले तर हा धंदा लहान नाही. २०२२-२३ मध्ये भारताचे एकूण मत्स्योत्पादन १७५.४५ लाख टन होते. त्यातले १३१.१३ लाख टन गोड्या व भूजलाशयी पाण्यातले, म्हणजे चारात तीन हिस्से. यात मोठा वाटा शेततळ्यांसारख्या तलावांतल्या मत्स्यशेतीचा आहे. पण नदी-जलाशयांतून नुसता पकडलेला मासा घेतला तरी भारत जगात पहिला आहे : २०२२ मध्ये सुमारे १९ लाख टन.

हेक्टरी किती?

शेतकरी एकरी टनात बोलतो, जलाशयाचा हिशेब हेक्टरी किलोत होतो. देशात सुमारे ३१.५ लाख हेक्टर जलाशय आहेत. १९९५ च्या एका प्रसिद्ध पाहणीत लहान जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी वर्षाला ५० किलोच्या आसपास, तर मध्यम आणि मोठ्यांचे ११-१२ किलो निघाले होते. पुढे बीज सोडण्याचे प्रमाण वाढले तसे उत्पादनही वाढले. योग्य आकाराची बोटुकली, योग्य संख्या आणि लहान मासा न पकडण्याची शिस्त एवढ्यावर लहान जलाशयातून हेक्टरी काहीशे किलोपर्यंत जाता येते, असे केंद्रीय संस्थांचे म्हणणे आहे.

उदाहरणादाखल १०० हेक्टरांचा एक तलाव घेऊ आणि सोयीसाठी दर किलोला १५० रुपये धरू.

- हेक्टरी ५० किलो : ५,००० किलो मासा, ७ लाख ५० हजार रुपये.
- हेक्टरी २०० किलो : २०,००० किलो मासा, ३० लाख रुपये.

फरक साडेबावीस लाखांचा. यातून बीज, जाळी, मजुरी, ठेका, राखण वजा जाईल. दरही कमी-जास्त होईल. पण मुद्दा असा की या उत्पन्नासाठी वेगळे पाणी लागत नाही. शेतीसाठी आणि पिण्यासाठी साठवलेल्या पाण्यातच ते निघते. अट एकच, पाणी तळापर्यंत उपसू नये आणि ते घाण होऊ नये.

दुसरा रकाना : खाल्लेला मासा

जागतिक अन्न व कृषी संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे की गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदवले जातात. कारण साधे आहे. मासा बाजारात येण्याआधीच चुलीवर जातो. संध्याकाळी गळ टाकून बसलेला पोरगा, ओढ्यात खेकडे धरणारा शेतमजूर, बंधाऱ्याचे पाणी ओसरल्यावर झिंगे गोळा करणाऱ्या बाया, यांची पावती कुठे फाटत नाही.

पण घरखर्चात त्याची किंमत आहे. हा मासा नसता तर मटण-कोंबडी किंवा अंडी विकत आणावी लागली असती, नाहीतर त्याशिवाय राहावे लागले असते. बारीक मासे काट्यासकट खाल्ले जातात, त्यामुळे प्रथिनांबरोबर चुन्याचे प्रमाणही चांगले मिळते. गरीब घरातली लहान मुले आणि बाळंतिणी यांच्यासाठी हा आहार औषधाच्या दुकानातल्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो. नदीतला बारीक मासा कमी झाला की हा खर्च त्या घराच्या खिशावर येतो किंवा ताटातून वजा होतो.

तिसरा रकाना : पाण्यात राहिलेला मासा

पकडलेला मासा हे व्याज आणि पाण्यात राहिलेला मासा हे मुद्दल. रोहू-कटल्याच्या मादीच्या पोटात वजनाच्या किलोमागे लाख-दोन लाख अंडी असतात. त्यातली फारच थोडी जगतात, पण पुढच्या हंगामाचा मासा त्यातूनच येतो. बहुतेक देशी माशांना बीज केंद्राचा आधार नाही. मरळ, वाम, शिंगटी यांचे नदीतले बीज म्हणजे नदीत उरलेले आई-बापच.

पाण्यातला मासा आणखीही कामे करतो. डासांच्या अळ्या खातो. आरोग्य खाते विहिरी-टाक्यांत गप्पी मासे सोडते ते याच कामासाठी. पाणपक्षी त्याच्यावर जगतात. गोकाक तालुक्यातील धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य उभे आहे ते अशाच पाण्याच्या जिवावर. शिवाय पाणी कसे आहे हे मासा फुकट सांगतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात, पण मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेऊ लागले की पाण्यातला प्राणवायू संपत आल्याचे कळते. तेच पाणी पुढच्या गावाच्या नळाला जाणार असते.

तळी खोदून मासा वाढवला म्हणजे पाणथळीची भरपाई होते, असेही नाही. आंध्रातील कोल्लेरू सरोवर हे त्याचे मोठे उदाहरण. मत्स्यतळ्यांच्या बांधांनी सरोवर इतके व्यापले की पुराचे पाणी मुरायला जागा उरली नाही. अखेर न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये हजारो एकरांवरची तळी फोडावी लागली. माशाचे टन वाढले तरी पाणथळीचे मुद्दल संपू शकते.

तोटा कुठून होतो?

*घाण पाणी.* साखर कारखाने, आसवन्या, कापड प्रक्रिया आणि शहरांचे सांडपाणी ही या पट्ट्यातली जुनी तक्रार आहे. मळीमिश्रित पाणी नदीत आले की जिवाणू ते कुजवायला लागतात आणि पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे व वन्यजीवांसाठी पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा आणि सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. म्हणून मासे मेल्याचे बहुतेक वेळा सकाळी लक्षात येते. उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी थांबलेले असते, त्यावर केंदाळ पसरलेले असते, तेव्हा धोका जास्त. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ हे अनेकदा घडले आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेतही मोठ्या प्रमाणावर मासे मेले.

अशा वेळी फुकटचे मासे नेण्यासाठी झुंबड उडते. पाणी कशाने बिघडले हे कळल्याशिवाय ते मासे खाऊ किंवा विकू नयेत.

*चढणीचे मासे.* मृगाचा पाऊस लागला की नदीतले मासे ओढ्यांतून, खाचरांतून उलटे वर चढतात. ते अंडी घालायला निघालेले असतात. बॅटऱ्या, काठ्या, कोयते घेऊन गावेच्या गावे बाहेर पडतात. ही मजा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि त्या रात्री मासे गावतातही भरपूर. पण गाभोळीने भरलेली मादी जूनमध्ये मारली की दिवाळीनंतरचा मासा कमी होतो. पूर्वी नदीत मासा मुबलक होता तेव्हा हे खपून जात होते.

*परके मासे.* आफ्रिकन मांगूर पाळण्यावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली आहे. तो कमी प्राणवायूतही जगतो आणि दिसेल ते खातो. मत्स्यटाकीतून सोडून दिलेला सकर मासा उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. आपल्या नद्यांत तो पसरू नये म्हणून घरच्या टाकीतले मासे तलावात न सोडणे एवढे तरी प्रत्येकाला करता येते.

*स्फोट आणि विष.* जिलेटिन, ब्लीचिंग पावडर किंवा करंट लावून मासे मारले की मोठ्याबरोबर बारीक पिल्लूही मरते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

दोन राज्ये, एक नदी

कृष्णेच्या पाण्याचे भांडण टीएमसीत चालते. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी दिले. फारसे लोकांना माहीत नाही, पण त्याच निवाड्यात पाण्याच्या ‘उपयुक्त वापरा’च्या यादीत शेती, पिण्याचे पाणी, उद्योग, वीज यांच्याबरोबर मत्स्यपालन आणि वन्यजीव संरक्षण हेही शब्द आहेत. म्हणजे मासा हा पाण्याचा हक्काचा वापर आहे. त्याच्या नावावर वेगळे टीएमसी मात्र नाहीत.

व्यवहारात काय होते? बरगे कधी घालायचे, धरणातून किती सोडायचे हे शेती आणि पिण्याच्या पाण्यावर ठरते. वरच्या राज्यात घाण मिसळली तर खालच्या राज्यातला मच्छीमार तिकडच्या मंडळाकडे तक्रार करायला जाणार कसा? त्याची संस्था इकडे नोंदलेली, कागदपत्रे कन्नडमध्ये, पंचनामा करणारा अधिकारी तिकडचा. पुरात होडी-जाळे गेले तर आपत्ती निधीच्या निकषांत मदतीची तरतूद आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ती लागू पडत होती. पण सांडपाण्याने नदीतला मासा मेला तर ती नैसर्गिक आपत्ती ठरत नाही. दोषी कारखान्याला दंड झाला तरी ती रक्कम साधारणपणे मंडळाकडे जमा होते, जाळे रिकामे राहिलेल्या माणसाकडे नाही.

योजना दोन्ही राज्यांत आहेत. केंद्राच्या २०२० मधल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. याच योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये मिळतात. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. एकाच दूधगंगेच्या एका काठावरच्या मच्छीमाराला हा दर्जा लागू आणि समोरच्या काठावरच्याला त्याच्या राज्याचे नियम, अशी स्थिती आहे. लाभ घ्यायचा तर ज्या राज्यात राहतो तिथल्या मत्स्य खात्याकडे आणि संस्थेकडे नाव नोंदलेले हवे, ही पहिली पायरी.

काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

- नोंद : प्रत्येक संस्थेने आणि ग्रामपंचायतीने तलावनिहाय वही ठेवावी. किती बीज सोडले, किती किलो निघाले, कोणती जात, काय दर. नुकसान झाले तर भरपाई मागताना हीच वही पुरावा ठरेल.
- डोह राखणे : नदीतला एखादा खोल डोह वर्षभर न धरता सोडून द्यावा. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीच्या श्रद्धेने महसीर राखले गेले आहेत. कर्नाटकात शृंगेरी आणि शिशिल येथे तुंगेच्या व कपिलेच्या काठी हेच दिसते. तिथले मासे बघायला माणसे लांबून येतात आणि गावाला त्यातूनही कमाई होते.
- जूनचा संयम : पहिल्या पावसाचे काही आठवडे ओढ्यात आणि खाचरात मासे धरणे गावाने ठराव करून थांबवावे.
- जाळ्याची वीण : बारीक विणीचे जाळे टाळले की बोटुकली वाढून किलोवर जाते. एक हंगाम थांबण्याचा मोबदला वजनात मिळतो.
- पाण्याचा नमुना : मासे मेलेले दिसले तर त्याच सकाळी स्वच्छ बाटलीत पाणी घ्यावे, वेळ आणि जागा लिहावी, फोटो काढावेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ व मत्स्य खाते दोघांनाही कळवावे. दुपारपर्यंत पाणी वाहून जाते आणि पुरावाही.
- दोन्ही काठांची बैठक : पुराच्या काळात कोल्हापूर आणि बेळगावचे अधिकारी विसर्गाची माहिती रोज एकमेकांना देतात. उन्हाळ्यात पाण्याच्या गुणवत्तेची माहितीही तशीच दिली तर खालच्या गावांना आधी कळेल.

ऊस गेला तर पंचनामा होतो, भात कुजला तर पंचनामा होतो. मासा मात्र नदीचा, म्हणून कुणाचाच नाही असे धरले जाते. तो विकणाऱ्याचा आहे, तो शिजवणाऱ्या घराचा आहे आणि पुढच्या वर्षी जाळे टाकणाऱ्याचाही आहे. हिशेबाची वही उघडायची तर बरगे घालण्याच्या दिवसांपासून उघडता येईल. पुढचा मृग येईपर्यंत पहिले पान भरलेले असेल.